खोडलेलं नाव

"बूट बाहेर काढ आधी! घरभर गवत आणलंस."

"खड्ड्यात गेले बूट! मावशी, एनॉस पळून गेला नव्हता!"

झिपोरा मावशी भेंडी चिरत होती. तिचा हात थांबला. एनॉस हे नाव आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. हा माझा खापरपणजोबा. गुलामगिरीवरून पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या धामधुमीत बायको हेस्टरला आणि तान्ह्या डायनाला मालकाच्या मळ्यावर टाकून पसार झाला, अशी त्याची ख्याती. डायनाने मोठेपणी घरच्या बायबलमधलं बापाचं नाव शाईने खोडून टाकलं. दर ऑगस्टमध्ये आमचं सगळं गोत जमतं. मावशी त्या बायबलमधून पूर्वजांची नावं पुकारते आणि ज्याचं नाव येईल, त्याची लेकरंबाळं उभी राहतात. हेस्टर झाली की मावशी थेट डायनावर येते. यंदाचा मेळा परवावर आला होता आणि मला एनॉसचं नाव पुकारलेलं हवं होतं.

"त्या थर्मन मास्तराने भरवलं असेल काहीतरी डोक्यात," मावशी म्हणाली.

भरवलंच होतं. मी नदीकाठच्या लष्करी कब्रस्तानात गवत कापते, एकोणीस वर्षं झाली. तिथल्या कितीतरी दगडांवर नावाखाली चार अक्षरं आहेत. मला वाटायचं, दगड घडवणाऱ्या कारखान्याची खूण असेल. हसू नका! वाचनालयात थर्मन मास्तर गुरुवारी दुपारी आमच्यासारख्या शाळा सुटलेल्यांना इतिहास शिकवतात. त्यांनी सांगितलं, ती काळ्या सैनिकांच्या पलटणींची खूण. आमची माणसं! गुलामी मोडायला, उत्तरेच्या बाजूने, बंदुका घेऊन! अंगावर सर्रकन काटा आला माझ्या, आणि रागही आला, की पन्नाशी उलटेपर्यंत हे मला कुणी सांगितलं कसं नाही. मग मी मास्तरांचं डोकंच खाल्लं. शेवटी बिचाऱ्यांनी वॉशिंग्टनहून जुन्या कागदांच्या नकला मागवल्या.

"वाच," मावशी सुरी ठेवत म्हणाली.

तो हेस्टरचा अर्ज होता, सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनसाठी. 'आम्ही झाडूवरून उडी मारून लग्न केलं, गुलामांना कागदावरचं लग्न नव्हतं. लढाईला जा असं मीच म्हटलं, वाटेत खायला भाकरी बांधून दिली. भरतीवाल्यांनी त्याला मालकाचं आडनाव लावलं. छावणीत तापाने गेला.' खाली साहेबाचा शेरा होता: लग्नाचा पुरावा नाही, नामंजूर.

"हिला सगळं ठाऊक होतं? मग बोलली का नाही मेली?"

"काय बोलणार, मावशी? सरकार म्हणतं, तू त्याची बायकोच नाहीस. लोक म्हणतात, टाकून गेला. तिने तोंडाला कुलूप लावलं असेल."

"दगड कुठाय त्याचा?"

"मोठ्या ओकच्या झाडाखाली, तिसऱ्या रांगेत. मालकाच्या आडनावाने. एकोणीस वर्षं मीच कापतेय गं तिथलं गवत! मीच!" मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना.

"जन्मभर शिव्या घातल्या मी त्या माणसाला," मावशी म्हणाली.

"मग परवा पुकार नाव."

"आजीने खोडलंय ते. तिची रेघ मी पुसणार नाही." आणि ती पुन्हा भेंडी चिरायला लागली. असा संताप आला मला! बूट उचलले आणि चालू लागले.

रविवारी चर्चमागच्या झाडाखाली आम्ही दीड-दोनशे जण जमलो. मावशी नेहमीसारखी टेबलामागे खुर्चीत, डोक्यावर जांभळी टोपी. दोघांनी धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. "हेस्टर," तिने पुकारलं. आम्ही उठलो, बसलो. आता डायना, म्हणून मी मान खाली घातली.

मावशीने पान डोळ्यांजवळ धरलं.

"एनॉस," तिने पुकारलं. "हेस्टरचा नवरा."

खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. पोरंबाळं उठली, म्हातारे उठले, ज्यांचा काही संबंध नाही ते सुना-जावईसुद्धा उठले. मावशीने टेबलाची कड धरली आणि तीही उठायला लागली. मी धावत जाऊन तिचा दंड पकडला. समोरच्या पानावर डायनाची रेघ तशीच होती; खाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरांत, त्याचं नाव होतं.

"सोड गं," ती म्हणाली. "माझा पणजोबा आहे."