शिसवीचा पाट

"आई, दॅट्स बाबाज् पाट!" इरा स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

संजीवनीने करवत थांबवली नाही. परदेशातल्या यिशुन गावच्या त्या फ्लॅटच्या पांढऱ्या फरशीवर काळसर भुसा झरत होता.

"माहितीये. शिसवी आहे, म्हणूनच कापतेय. जड लाकूड हवंय मला."

"यू कॅन जस्ट बाय वन, व्हॉट!"

"बंदुकीला विकतचा दस्ता नको. धर ते टोक."

पुण्याहून आणलेले दोन पाट होते. इरा टेबलावर जेवायची, पण तिच्या बाबाला, रुचिरला, जमिनीवर मांडी घातल्याशिवाय घास गोड लागत नसे. तो गेल्यावरही पाट दोनच मांडले जात. एकावर संजीवनी बसे, दुसऱ्यावर कुणीच नाही.

रुचिरची बंदूक क्लबच्या शस्त्रागारात कुलपाआड होती. कायद्याने या गावात बंदूक घरी येत नाही. स्वस्तातली एअर रायफल, सशांच्या शिकारीसाठी बनलेली, हलकी, वेळूसारखी. "नळी जड हवी, दस्ता जड हवा," तो म्हणायचा, "म्हणजे हात गप्प बसेल." हात तेव्हाच थरथरू लागला होता. का, ते डॉक्टरांनाही अजून उमगलं नव्हतं.

विश्वासला मात्र ते विचारावंसंही वाटलं नाही. रुचिरचा कॉलेजपासूनचा मित्र, क्लबातला पहिल्या नंबरचा नेमबाज. एका रविवारी त्याने सगळ्यांदेखत कपातला चहा मुद्दाम हिंदकळवत रुचिरच्या हाताची नक्कल केली. "आमचे रुचिरराव! यांच्यासमोर ससा हसूनच मरतो!"

सगळे हसले. रुचिरही हसला, आणि पुन्हा क्लबची पायरी चढला नाही. तो गेला तेव्हा विश्वासने व्हॉट्सॲपवर दोन जोडलेले हात पाठवले. संजीवनीने ते पुसले नाहीत. चूल विझू नये म्हणून निखारा राखावा, तसे राखले.

ती नेम धरायला शिकली. रुचिरच्याच बंदुकीला जड नळी बसवून घेतली. पाटाच्या फळ्या एकावर एक चिकटवून, तासून, घासून दस्ता घडवला. त्यावर आमटीचा एक फिकट डाग होता, थरथरत्या हातून सांडलेला. तेवढी जागा तिने न तासता, पॉलिश न लावता सोडली. नेम धरताना गाल टेकेल तिथे.

क्लबच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या लिम अंकलनी दस्ता हातात तोलला. "वाह, सो हेवी! बट वन्स आय फिट, इट्स पार्ट ऑफ द गन, हां. स्टे हिअर. कॅनॉट टेक होम."

"फिट इट, अंकल," ती म्हणाली. क्षणभरही थांबली नाही.

क्लबच्या नेमबाजी स्पर्धेच्या सकाळी विश्वास चहाचा कप घेऊन समोर आला. "अरे वहिनी! ससे मारायला आलात?"

"नाही भावजी. ससा नकोय मला."

ती उभी राहिली. डागावर गाल टेकला. आई जात्यावर म्हणायची ती चाल मनात घरघरू लागली. शब्द मात्र तिचे स्वतःचे होते:

राग घालते जात्यात, मूठ मूठ मी घालते,
पीठ होईल तोवर, खुंटा नाही मी सोडते.

ओळ संपते तिथे श्वास थांबतो. त्या थांब्यात ती चाप ओढी. बंदूक हलली नाही, हात हलला नाही. शेजारी विश्वास मधूनमधून तिच्या निशाणाकडे बघू लागला, आणि बघता बघता त्याच्या गोळ्या कडेला सरकू लागल्या.

ती पहिली आली. तो दुसरा.

माणसं भोवती जमली. विश्वासने पुन्हा चहा घेतला होता. "मानलं, वहिनी. दस्ता कुठला हो हा?"

"रुचिरच्या पाटाचा. हा डाग बघा. त्याच्या हातून आमटी सांडायची." ती एक पाऊल पुढे आली. "कशी सांडायची, ते दाखवा ना भावजी सगळ्यांना. तुम्हाला छान जमतं."

कुणी हसलं नाही. विश्वासने कप हळूच टेबलावर ठेवला. ठेवताना बशीत थोडा चहा सांडला.

लिम अंकलनी बंदूक उचलली, आत नेली. कुलूप लागल्याचा आवाज तिने ऐकला.

घरी आल्यावर तिने भात लावला, आमटी केली. सवयीने दोन पाट घ्यायला वाकली, तर भिंतीशी एकच, तिचा. इरा टेबलावरून बघत होती.

संजीवनीने तो पाट उचलला, रुचिरच्या जागी मांडला, हाताने पुसला. मग शेजारी, फरशीवर, मांडी घालून बसली.