उपाध्यक्षाच्या जागी पांढरी पट्टी

खळ ओली असेपर्यंत खालची निळी अक्षरं पट्टीतून वर डोकावत होती. तेव्हा एकावर एक दोन पट्ट्या लावा, असा डोलोरेसने हुकूम काढला.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या त्या गावात बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात पक्षाचं निवडणूक कार्यालय थाटलं होतं. डोलोरेस आणि व्हर्ना धरून चार बाया मैद्याची खळ घेऊन बाराशे पोस्टरांवरचं एकच नाव झाकत बसल्या होत्या. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराने आदल्या दिवशी माघार घेतली होती. कधीकाळी मन खचलं म्हणून इस्पितळात त्याला विजेचे झटके दिले होते, हे बाहेर आलं आणि अठरा दिवसांत त्याची उमेदवारी आटोपली. नवा माणूस मिळत नव्हता. ज्याला विचारावं तो हात जोडत होता. तोवर अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या नावाखाली कोरी पट्टी. ती निदान कुठल्या इस्पितळात गेली नव्हती.

"झटके घेतलेल्याच्या हाती देश कसा द्यायचा गं?" डोलोरेस म्हणाली. "भर सभेत टोस्टरातल्या पावासारखा टुणकन उडायचा."

बाया हसल्या. व्हर्नाही हसली, पण जरा उशिरा. तिच्या पट्ट्या वाकड्या बसत होत्या.

व्हर्ना क्लॉसमायर नऊ वर्षं काउंटीच्या कचेरीत टंकलेखिका होती. साहेब, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले कचेरीप्रमुख, काउंटी क्लार्क डीटर्स, येत्या सोमवारी तिला आपली डेप्युटी नेमणार होते. कचेरीत लागण्याआधी, अकरा वर्षांपूर्वी, तिचं तान्हं मूल गेलं होतं आणि ती सहा आठवडे सेंट लुईस शहरातल्या इस्पितळात होती. गावाला सांगितलं, पित्ताशयाचं ऑपरेशन. गावाने ते इतकं मानलं की कुणाच्या पोटात दुखलं की सल्ल्याला व्हर्ना. तीही ठामपणे लोणी बंद करायला सांगे. प्रत्यक्षात तिला आठ झटके दिले होते.

साडेसहाला डीटर्स आले. हॅट काढली, पण ठेवली नाही. त्यांनाही नोव्हेंबरमध्ये निवडून यायचं होतं. व्हर्नाला त्यांनी दारापाशी बोलावलं आणि आधी बराच वेळ मक्याच्या पिकाबद्दल बोलले. मग म्हणाले, काळ असा आलाय, नेमणुकीआधी सगळ्यांनाच विचारतोय. "तुझं तसलं काही नाही ना?"

नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण मग कचेरीत कुणी वर्तमानपत्राची घडी जरी उलगडली तरी ती टाइप करता करता थांबणार होती, निवृत्तीपर्यंत.

"आहे, साहेब. आठ झटके. एकसष्ट साली."

डीटर्सनी हॅट या हातातून त्या हातात घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाहेर ट्रक गेला बघ आत्ता. मला काही ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारतो."

बाहेर रस्ता रिकामा होता. माणूस वाईट नव्हता. त्याने खरंच पुन्हा विचारलं, शब्दाला शब्द तोच.

व्हर्नाने पुन्हा तेच सांगितलं. या वेळी इतक्या स्पष्ट आवाजात, की मागे खळ ढवळणं थांबलं.

"प्रकृतीला जप," डीटर्स म्हणाले आणि हॅट घालून गेले. खळ संपत आली होती, म्हणून एकजण पाणी आणायला उठली.

सोमवारी डेप्युटी म्हणून डोलोरेसची नेमणूक झाली. तिला टाइप करता येत नव्हतं. ती व्हर्नाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, पर्सचा पट्टा पिळत. "तुझी हरकत असेल तर तसं सांग," एवढंच पुटपुटली.

"पत्रात तुझ्या नावात मधलं आद्याक्षर घालायचं का?" व्हर्नाने विचारलं.

डोलोरेस म्हणाली, ई.

व्हर्नाने यंत्रात तीन कागद चढवले, मध्ये कार्बन सारखे केले आणि नेमणुकीचं पत्र सुरू केलं. शेवटच्या ओळीपर्यंत कुठेही खाडाखोड झाली नाही.