लंकाबाईनं सांगितलेली मॅच

मी टीव्ही बोलतोय. बत्तीस इंची, काळ्या काठाचा. अंबडच्या कारखान्यांमागे पुंजा आणि लंकाबाई या नवरा-बायकोच्या दोन खोल्या आहेत. तिथल्या लोखंडी कपाटावर माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म कुठं झाला ते धड आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार, मग एकदम उजेड, आणि त्या उजेडात वाकून माझ्याकडे बघणारा एक खूप उंच माणूस. तो पुंजा. मूळचा सुरगाण्याचा. आश्रमशाळेत उंचीमुळे त्याला बास्केटबॉलच्या संघात घेतलं होतं. पुढं तो अंबडला वेल्डर झाला आणि कंपनीच्या संघातूनही खेळला.

मला त्यानं एकाच गोष्टीसाठी आणलं होतं. अमेरिकेत रात्रीचे मोठे सामने सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे पहाट सरत असते. कामावर जायच्या आधी पुंजा हातातला चहा विसरून माझ्यासमोर बसायचा. माझ्या काचेतून पिवळंधमक लाकडी मैदान वाहत राहायचं आणि त्यावर ती लांब हातापायांची माणसं पाण्यात असल्यासारखी तरंगायची. लंकाबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "एवढाली माणसं, आन् एका बॉलपायी धावत्यात." तिनं कधी वळून पाहिलं नाही.

मग साखरेच्या आजारानं पुंजाचे डोळे नेले. नोकरी सुटली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. मला कुणी लावेना. दुःखात माणसं आधी आपल्या आवडीलाच शिक्षा करतात, हे मी तेव्हा पाहिलं.

एका सकाळी लंकाबाईनं पदरानं माझी काच पुसली आणि मला लावलं.

"बंद कर," पुंजा म्हणाला. "मला काय दिसतंय?"

"मला दिसतंय ना. मी सांगते." ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. "एक लाल कपडेवाला हाय. बॉल आपटत चाललाय. थांबला. आता उडी मारतोय... टोपलीत टाकला."

"टोपली नाय, बास्केट," पुंजा भिंतीकडूनच बोलला. जरा वेळानं म्हणाला, "किती लांबून टाकला?"

"आपल्या दारापासून नळापर्यंत असंल."

"मग तीन पॉइंट."

आणि कित्येक दिवसांनी त्यानं कूस बदलून माझ्याकडे तोंड केलं.

माझ्यातलं इंग्रजी बोलणं दोघांनाही कळत नव्हतं. म्हणून रोज लंकाबाईच बोलायची. "भाताच्या खाचरात बगळा राहतो तसा एकटाच उभा हाय बघा," ती म्हणायची, आणि पुंजाला नेमका तो खेळाडू दिसायचा. तो हसायचा. हळूहळू नीट जेवू लागला, काठी टेकत दाराबाहेर जाऊ लागला.

यंदा माझंच वय झालं. काठाकडून काळोख आत सरकू लागला. त्यांची मुलगी सविता इंदिरानगरला राहते. ती म्हणाली, "आई, नवा घेऊ."

"हा मोसम सरू दे," लंकाबाई म्हणाली. "अजून अर्धा दिसतोय."

मोसमातल्या अखेरच्या सामन्यात दोन मिनिटं उरली होती, तेव्हा तो अर्धाही गेला. मी सगळा जीव एकवटला, पण चित्र आलं नाही. आवाज तेवढा राहिला. लंकाबाई क्षणभर थबकली आणि मग मनचंच सांगू लागली. "पांढरावाला धावतोय... दुसऱ्याला दिला..."

पुंजा थोडा वेळ ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "लंके, पडदा गेला ना?"

"तुमाला कसं कळलं?"

"रोज तू आधी सांगती, मग लोक ओरडत्यात. आज लोक आधी ओरडत्यात."

त्यानं चाचपत तिचा हात धरला. "आता तू ऐक. बूट चिरकले ना? म्हणजे वळला. गर्दी गप झाली. म्हणजे टाकतोय."

लंकाबाईनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर बघता बघता उजेड पसरला, आणि तो माझा नव्हता.

उद्या सविता नवा टीव्ही आणणार आहे. मला भंगारवाला नेईल. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या जागी येणाऱ्या दादा, एवढंच ऐक. चित्र लख्ख दाखव, पण बुटांचा आवाज नीट येऊ दे. बाकीचं लंकाबाई सांगेल. तिचं कुठं चुकलं, तर पुंजा.