राजपुरीचं माहेर

दिनानाथला सुट्टीतसुद्धा स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. दिवाळी उरकून आई नीराबाईंना घेऊन तो मुरूडला हवापालटाला आला आणि आगबोटीतून उतरून पाय वाळूला लागतात न लागतात तोच त्याचे बेत सुरू झाले. राजपुरीहून होडीने जंजिरा, मग पद्मदुर्ग, नबाबसाहेबांचा वाडा, गारंबीचं पाणी. "अरे, हवा खायला आलोय ना? मग ती खायला तरी वेळ ठेव," नीराबाई म्हणाल्या. पण ऐकतो कोण!

खरं तर नीराबाईंना किल्ल्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं काम राजपुरीत होतं आणि ते त्यांनी मुलापासून लपवून ठेवलं होतं. मुलगा गुणाचा, पण त्याचं तोंड आधी चालायचं आणि डोकं मागून. शिवाय घरात सोवळं कडक.

त्यांचे वडील तुळशीराम सोनार मागल्या वर्षी गेले. जायच्या आधी त्यांनी लेकीला जवळ बोलावून इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट सांगितली. नीराची आई बाळंतपणातच गेली होती. तेव्हा त्यांचं दुकान राजपुरीला होतं. शेजारी करमअली तांडेलाची बायको, फिरोजा, नुकतीच बाळंत झालेली. तिने स्वतःच्या मुलाबरोबर नीरालाही अंगावर पाजलं. पोर चालायला लागली तसे लोक बोलायला लागले. तुळशीराम घाबरले आणि पोरीला उचलून मुंबईला निघून आले. "तिला सांगूनसुद्धा आलो नाही गं," म्हणून म्हातारा ढसाढसा रडला.

तेव्हापासून नीराबाईंना चैन नव्हतं. माहेर त्यांना कधी लाभलंच नाही. बाळंतपणं सासरी, सणवार सासरी, आणि नवरा गेल्यावर तर सगळंच संपलं. ज्या बाईने आपल्याला जगवलं तिच्या पायांवर एकदा डोकं ठेवायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. पण ती बाई असेल का अजून?

खाणावळीच्या केसरबाईंना त्यांनी हळूच विचारून घेतलं. करमअली कधीच वारला होता. त्याचा मुलगा ताजुद्दीन लोकांना होडीतून किल्ला दाखवायला नेतो, एवढं केसरबाईंना ठाऊक होतं. त्याच्या आईचं काही सांगता येईना.

सकाळी टांग्याने दोघं राजपुरीच्या धक्क्यावर पोचली. नीराबाईंच्या पिशवीत वडिलांच्या हातच्या सोन्याच्या पाटल्या होत्या. होडी ताजुद्दीनचीच घे, असं त्यांनी दिनानाथला सांगून ठेवलं होतं; नीराबाई टांग्यातून उतरेपर्यंत त्याने ताजुद्दीनला गाठून वाद घालायला सुरुवातही केली होती.

"वारा पडलाय साहेब. जंजिरा करू. पद्मदुर्गाचं आज नाव काडू नका," पिकल्या दाढीचा ताजुद्दीन सांगत होता.

"वारा बिरा काही नाही. तुला वल्ही मारायचा कंटाळा, दुसरं काय!"

नीराबाई पुढे झाल्या. "तांडेल, तुमच्या आई..."

"आई हाय की! डोलं गेलं, पन जीभ साबूत हाय. तुमी कोन?"

"मी तुळशीराम सोनाराची नीरा."

ताजुद्दीनच्या हातातली दोरी गळाली. मग दिनानाथकडे वळून म्हणाला, "साहेब, होडी आज सुटत न्हाय. माजी भैन आलीय."

तांडेलाच्या घरापर्यंतच्या वाटेवर नीराबाईंनी दिनानाथला सगळं सांगून टाकलं आणि तो जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

फिरोजा पडवीत सुपारी कातरत बसली होती. ताजुद्दीनने कानाशी वाकून सांगितलं तशी तिने अडकित्ता बाजूला ठेवला आणि हात पुढे केले. नीराबाईंनी पायांवर डोकं ठेवलं. मग पाटल्या काढून त्या सुरकुतलेल्या हातांत दिल्या. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत, पण एवढं तरी घ्या."

म्हातारीने सोनं चाचपलं आणि परत ढकललं.

"दुधाची मजुरी आनलीस? मी काय मोलाची दाई व्हते?" तिचा आवाज चढला. "तुजा हितला बा मेला, तवा कुटं व्हतीस? ताजूच्या लग्नात करवली न्हवती. लोक इचारायची, लेक कुटं हाय? काय सांगू मी त्यानला? एवडी वर्सं माहेराला येत न्हाय कुनी!"

ताजुद्दीन दिनानाथला हलक्या आवाजात समजावत होता, "आमच्यात एकदा पाजलं का लेकरू पोटचंच. तुजी आई आमच्या घरची लेक. माज्याहून म्हयनाभर धाकली."

नीराबाई रडत होत्या आणि रडताना त्यांना हसूही येत होतं. माहेरी उशिरा आली म्हणून असं कुणी आजवर त्यांना झापलंच नव्हतं. उपकार फेडायला आलेल्या बाईला इथे हक्काची बोलणी मिळत होती, आणि त्या बोलण्यांनी त्यांचा जीव निवत होता. "चुकलं आई," त्या म्हणाल्या. 'आई' हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात कुणाला हाक मारायला वापरला नव्हता.

दिनानाथ अजून उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता. धक्क्यावरचं आपलं बोलणं त्याला आता चांगलंच टोचत असावं.

"आत ये भाच्या," ताजुद्दीन म्हणाला. "वल्ही मारायचा कंटाळा हाय मला, पन भाच्याला वाडायचा न्हाय."

ताजुद्दीनची बायको रहिमुन्निसा तांदळाच्या भाकऱ्या आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध घेऊन आली. नीराबाईंच्या मनात सोवळं डोकावलं, नाही असं नाही. पण ज्या घरच्या दुधावर जगलो, तिथल्या भाकरीचा कसला आलाय विटाळ? त्यांनी घास मोडला. दिनानाथने आईकडे पाहिलं आणि मांडी घालून मुकाट बसला. त्याने भाकरी तीनदा मागून घेतली, त्यावर मामाने त्याची भरपूर थट्टा केली.

ऊन कलल्यावर दोघं निघाली. फिरोजा भिंत धरून उठली, आत गेली आणि सुपात तांदूळ, वर नारळ घेऊन आली. "पदर धर."

नीराबाई मागे सरल्या. नवरा गेल्यापासून कुणी त्यांची ओटी भरली नव्हती, आणि कुणी भरेल असं त्यांना वाटलंही नव्हतं. "आई, मी विधवा आहे गं. मला चालत नाही."

"मी बी हाय," म्हातारी म्हणाली. "म्हनून काय लेक मोकळ्या पदरानं धाडू? धर म्हनते ना!"

नीराबाईंनी दोन्ही हातांनी पदर पुढे केला.