गढूळ पाझर

तीन दिवस झाले, पाथर्डीकडच्या त्या वस्तीला पावसानं उसंत दिली नव्हती. एरवी ढगाची वाट बघून डोळे शिणवणारी माणसं आता वर बघायलाही भीत होती. वस्तीच्या डोक्यावर पाझर तलाव, पायाशी ओढा, बाजूला खंडोबाचा उंच माळ, मध्ये चाळीस घरं. चौथ्या दिवशी दुपारी वस्तीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन आदळला. भिंत फुटतेय, पाण्याचा लोंढा सुटलाय आणि खाली लिहिलंय, 'आपला तलाव फुटला! ओढ्यापलीकडं शाळेत पळा!'

रोहिणी वस्तीची आशाताई, घरोघरचं आरोग्य बघणारी. ताप असो की लग्नाची तारीख, लोक आधी तिला विचारायचे. मोबाईल वाजला तेव्हा ती सासूच्या, राहीबाईच्या, गुडघ्यांना तेल चोळत होती. तिनं व्हिडिओ बघितला. राहीबाईला चार पावलं धड चालता येत नव्हतं. तिला उचलायचं कसं, हेच आधी मनात आलं.

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तिचा जीव थोडा भांड्यात पडला. ही भिंत सिमेंटची होती आणि मागं नारळाची झाडं होती. वस्तीचा बांध मातीचा, वर दगड बसवलेले. रोजगार हमीच्या कामावर दोन उन्हाळे तिनंच ते दगड डोक्यावरून वाहिले होते. आणि नारळ? पाथर्डीत नारळ फक्त देवापुढं फुटतो.

बाहेर मात्र पळापळ सुरू झाली होती. ओढ्याच्या पुलावरून कमरेएवढं पाणी चाललं होतं आणि माणसं पोरं काखेला मारून तिकडंच निघाली होती. रोहिणीनं घाईघाईनं आवाज भरून पाठवला. "मी रोहिणी बोलतेय. ह्यो व्हिडिओ आपला न्हाई. पुलावर कुनी जाऊ नका, वाहून जाल. आपल्या तलावाला काय झालं न्हाई. घाबरू नका, घरातच बसा."

शेजारच्या बजरंगनं पुलाच्या तोंडावरून ट्रॅक्टर माघारी वळवला. माणसं आपापल्या घरी परतली आणि ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. खोटं कशाला बोला, रोहिणीला जरा मोठेपणाही वाटला.

चहा टाकावा म्हणून ती बांधाखालच्या विहिरीवर गेली. ही विहीर भरायची ती तलावाच्या पाझरानं. कठडा उंच, वरचं पाणी आत जायला वाव नव्हता. कितीही पाऊस होवो, तळाचा दगड दिसावा इतकं पाणी निवळ. आज पोहरा वर आला तो तांबड्या पाण्यानं भरून. तिनं बोटं घातली, तर चिमटीत माती आली.

बाया दगड रचायच्या तेव्हा कामावरचा म्हातारा मुकादम सांगायचा, "पाझर निवळ हाय तवर खुशाल झोपा. गढूळ झाला की समजा, बांध आतनं वाहून चाललाय."

रोहिणीनं पोहरा कठड्यावर ठेवला. व्हिडिओ खोटा होता, हे तिनं डोळ्यांनी बघून सांगितलं होतं. तलावाला काही झालं नाही, हे कुणी बघितलं होतं? तिनंही नाही. एका श्वासात तिनं दोन्ही सांगून टाकलं होतं आणि वस्तीनं दोन्हीवर सारखाच विश्वास ठेवला होता.

'खंडोबाच्या माळावर चढा. विहिरीत माती आलीय,' तिनं ग्रुपवर लिहिलं. लगेच बजरंगचं उत्तर आलं, 'वहिनी, आता तर तुमीच म्हनला खोटं हाय!' त्याच्याखाली कुणीतरी हसणारं तोंड टाकलं.

मग तिनं मोबाईल कमरेला खोचला, हंडा भरून घेतला आणि बजरंगच्या दारात जाऊन आदळला. "माझ्यावर नगा ठेवू इस्वास. हात घाला ह्यात!"

बजरंगनं हात घातला, बोटं चोळली आणि त्याचा चेहराच उतरला. तो रोहिणीच्या घरात शिरला आणि त्यानं राहीबाईला पाठुंगळी घेतलं. रोहिणी हंडा घेऊन दारोदार फिरली. रडत, ओरडत, ज्याचा त्याचा हात धरून पाण्यात बुडवत. माणसं माळाची वाट चढू लागली.

शेवटचं घर बनुबाईचं, अगदी ओढ्याकाठी. म्हातारी कानानं अधू, जवळ तीन वर्षांची नात. दाराला आतून कडी होती. रोहिणीनं दार बडवलं आणि आतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. म्हातारीनं धीर यावा म्हणून मोबाईलचा आवाज मोठा करून तो निरोप पुन्हा पुन्हा लावला होता. "घाबरू नका, घरातच बसा."

"बनुआत्या, दार उघडा! मी रोहिनी!"

"घाबरू नका, घरातच बसा."

वर बांधाकडून पहिल्यांदाच घरघर ऐकू आली. रोहिणीनं हंडा उचलून दारावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या दणक्याला कडी निघाली. तिनं पोर छातीशी धरली आणि म्हातारीला दंडाला धरून ओढत माळाच्या चढाला लावलं.

त्या तिघी अर्ध्या चढावर असताना बांध मधोमध बसला. लोंढा आला आणि ओढ्याकाठचं पहिलं घर गेलं ते बनुबाईचं. माळावर बजरंगनं तीनदा माणसं मोजली. सगळी होती. बाया रोहिणीच्या गळ्यात पडून रडत होत्या, पण ती खाली ओढ्याकडंच बघत होती. बनुबाईच्या खाटेवर राहिलेला तो मोबाईल पाणी आत शिरेपर्यंत काय सांगत असेल, ते एकट्या तिलाच ऐकू येत होतं.