दोन घरांमधली मुकी भिंत

मी कुडाची भिंत बोलतेय. चामोर्शीकडच्या एका खेड्यात, सोमाजीच्या लांबट घराच्या मधोमध उभी आहे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी इंदुताई माझ्या एका बाजूला भाड्यानं राहायला आली. चिमूरची लेक, पुण्यात शिकून परिचारिका झालेली, शहरातली नोकरी सोडून आपल्या लोकांसाठी परतलेली. तिला वाटलं होतं, जंगलाकाठचं गाव म्हणजे शांतता. दिवसभर सेवा करावी, उरल्या वेळात वाचावं. मिळालं काय? माझ्या पलीकडून पहाटेपासून मुसळाचे घाव, कोंबड्यांचा कलकलाट आणि सासूसुनेची जुंपलेली.

माझा जन्म साधा. सोमाजीनं बांबू फोडून मला विणलं, त्याच्या बायकोनं, रुखमानं, शेणमातीनं लिंपलं. बोटभर जाडीची मी. माझ्यातून सगळं ऐकू जायचं, आणि ते तसंच असायला हवं होतं. कारण इथं शेजाऱ्याला बोलवायला कोणी दारातून फिरून जात नाही, कुडावर तळहातानं थाप मारतात. एक थाप म्हणजे विस्तव द्या, मीठ द्या. लागोपाठ तीन म्हणजे धावून या. रुखमानं पहिल्याच दिवशी हे सांगितलं, तेव्हा इंदुताईचे डोळे भरून आले होते. "किती सुंदर!" ती म्हणाली होती.

महिन्याभरात तिचं डोकं उठलं.

"भाऊ, ही भिंत जाड करून द्याल?"

"काऊन बाई, आमचं मुसळ तुमच्या कानात शिरून राह्यलं का?" रुखमा पलीकडूनच हसली.

"मुसळ नाही गं, तुझी सासू!"

"मंग तिलेच कोंबा की भिंतीत!"

सगळेच हसले. सोमाजीनं हातभर अंतरावर दुसरा कूड उभा केला. मधल्या पोकळीत छपरापर्यंत तणस, धानाचा वाळका पेंढा, ठासून भरली, वरून पोती ठोकली, जाड लिंपण केलं. मी फुगले. थापेचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. त्या निवांतपणात इंदुताई तक्ते लिहू लागली : गरोदर बाईनं काय खावं, दवाखान्यात कधी कळवावं.

दिवाळीनंतर धानकापणी लागली. सारं गाव शेतात. आठव्या महिन्यातली रुखमा दुपारी घरी एकटीच होती. पोटात कळ आली, लुगडं रक्तानं भिजलं. उठता येईना, ओरडायला श्वास पुरेना. सरपटत ती माझ्यापाशी आली. तीन थापा मारल्या. पुन्हा तीन. मग मुठीनं. एकेक घाव मी गिळत गेले. पलीकडे, चार हातांवर, इंदुताई तक्त्यातल्या बाईच्या लुगड्याला हिरवा रंग देत होती.

दिवस कलला तेव्हा सोमाजी परतला आणि बोंबलत तिच्या दारात गेला. इंदुताई धावली, कोपरापर्यंत हात रक्तात घालून झटली. रुखमा वाचली. मुलगी गेली.

शुद्धीवर आल्यावर रुखमा एवढंच बोलली, "बाई, मी थाप मारली व्हती. लय मारली. मले वाटलं, तुमी रागावल्या."

इंदुताईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या जागी दुसरी कोणती भिंत असती तर त्या नजरेनं कोसळली असती. मी घट्ट ठासलेली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे साहेब सायकलवर आले. मृत्यूच्या कागदात कारणाचा रकाना रिकामा होता.

"लिहा, घरच्यांनी वेळेत कळवलं नाही," ते चहा फुंकत म्हणाले. "आपण हेच लिहितो. या लोकांना कितीही सांगा."

उंबऱ्यात बसलेला सोमाजी मान खाली घालून होता.

इंदुताईनं पेन उघडलं आणि लिहिलं : 'आईने वेळेत बोलावले. परिचारिकेने भिंत बंद करून घेतल्याने तिला ऐकू आले नाही.' खाली पूर्ण नावानं सही केली.

"बाई, नोकरी जाईल. नव्या आहात तुम्ही."

"जाऊ द्या. कागद न्या."

माझ्या पलीकडच्या अंगावर रुखमाच्या मुठींचे खळगे अजून आहेत. मला पाडा, जाळा, काही करा. पण तोवर ते खळगे कोणी लिंपू नका, एवढंच माझं मागणं.