हट्टी खिडकीचा आवाज

खिडकी लाकडाची होती, तिला दोन दारं होती आणि ती बोलायची. आमच्या नाटकातली सगळी गंमत त्या खिडकीत होती. एक वाटसरू मुक्कामासाठी राजवाड्यापाशी येतो, तर खिडकी धाडकन उघडते आणि विचारते, "आत यायचंय? हो की नाही?" त्यानं हो म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न. "नक्की यायचंय?" मग तिसरा. उत्तर दिल्याशिवाय खिडकी मिटत नाही आणि ती मिटल्याशिवाय राजवाड्याचा दरवाजा उघडत नाही. वाटसरू गाणं म्हणतो, रडून दाखवतो, भिंतीवरून चढायला बघतो, पण बाईसाहेबांचं आपलं एकच: हो की नाही?

नाटक श्यामकाकांनी लिहिलं होतं. श्यामकाका बँकेत मोठे अधिकारी. बदली होऊन कलकत्त्याला आल्यापासून आमच्या मंडळाच्या गणपतीतलं मुलांचं नाटक त्यांच्याकडेच होतं. "बँकेत खिडकीपलीकडची माणसं मला रोज असंच छळतात," ते म्हणायचे, "त्यावरूनच सुचलं."

वाटसरू होती स्मिता. खिडकीचा आवाज होता लीनाचा. लीना माझी मैत्रीण. तिचे वडील सैन्यात, घर फोर्ट विल्यम किल्ल्याच्या आत. वडील सरहद्दीकडे गेले आणि जुलैमध्ये लीनाची रवानगी पुण्याला बोर्डिंगात झाली. तिची आई, शारदामावशी, एकटीच इथे राहिली. नाटकातून लीना जाणार म्हणून आम्ही सगळेच रडवेले झालो होतो, तेव्हा मीच म्हटलं की खिडकीचा नुसता आवाजच तर हवाय, तो भरून ठेवू. मंडळाचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी टॅक्सीनं किल्ल्यात गेले आणि लीनाचे सगळे संवाद भरून आणले. निघताना ती म्हणाली, "मी पुण्याला असले तरी नाटकात आहे हं. सांभाळ मला."

तेव्हापासून टेपरेकॉर्डर माझ्याकडे. मी शकुन. बंगालीत शकुन म्हणजे गिधाड, त्यामुळे शाळेत मागच्या वर्षापर्यंत मी नाव पुटपुटायचे. यंदा नववीत गेल्यापासून आपणच खणखणीत सांगून टाकते, "हो, गिधाड. पुढं बोल." हसणाऱ्यांची मजाच जाते.

पहिली अडचण आली ती स्मितामुळे. स्मिताचा जन्मच इथला, भवानीपूरचा. पाठ केलेलं मराठी ती फाडफाड बोलते, पण एक शब्द विसरली की पुढचं काही सुचत नाही. ती अडली की टेप काही थांबायची नाही. खिडकी एक प्रश्न विचारून, उत्तर न ऐकताच दुसरा विचारायची.

"ही कसली हट्टी खिडकी?" श्यामकाका म्हणाले. "ही तर पुढं पळतेय."

मी घरी नेऊन फीत प्रत्येक प्रश्नानंतर कापली आणि मध्ये पांढऱ्या कोऱ्या फितीचे तुकडे जोडले. पांढरं दिसलं की यंत्र थांबवायचं, स्मिताचं उत्तर झालं की पुढं चालू. आता खिडकी हवी तेवढी वाट बघू लागली. काकांनी पाठ थोपटली. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

मग तालमी घरातून मंडळाच्या बालीगंजच्या हॉलमध्ये गेल्या, रोज संध्याकाळी. पहिल्याच दिवशी खिडकी उघडली आणि आतून आवाज आला, "आऽत याऽयचंऽय?" लीना नव्हतीच ती. लीनाचे मामा होते आणि तेही नुकतेच झोपेतून उठलेले. पोरं हसून लोळायला लागली.

"भरताना सर्दी झाली होती का तिला?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग अमरावतीकडची ना ती, निवांत बोलणारच."

"निवांत बोलणारं माणूस जाड आवाजात बोलत नाही, काका. हळू आणि जाड दोन्ही झालंय, म्हणजे टेप हळू फिरतेय."

"असं? मग यंत्रच तपासू." त्यांनी माइक घेतला, घसा साफ केला आणि फितीच्या मोकळ्या शेपटावर आपला आवाज भरला, "मी श्यामराव. आज गुरुवार. बालनाट्याची तालीम चालू आहे." लगेच लावून ऐकलं. हुबेहूब श्यामकाका, तोच भारदस्तपणा. ते म्हणाले, "बघ. यंत्र उत्तम आहे. त्या फितीलाच दमट हवा लागलीय. शकुन, सोमवारपर्यंत बघ. नाही जमलं तर खिडकीमागून तूच बोल, तुला तर सगळं पाठ आहे."

खरं सांगते, मला क्षणभर गुदगुल्या झाल्या. पण शारदामावशी येणार होत्या. जुलैपासून त्यांनी लेकीला पाहिलं नव्हतं आणि नाटकाच्या दिवशी निदान तिला ऐकणार म्हणून त्या दिवस मोजत होत्या. त्यांना माझा आवाज ऐकवायचा?

मी हात धुऊन मागे लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं. कापसानं स्पिरिट लावून जिथून फीत जाते ती जागा पुसली. मामाच. रबराचं चाक पुसलं. मामाच. रीळ बदललं, फीत सैल करून परत गुंडाळली. मामा हटायला तयार नाहीत. शुक्रवार गेला, शनिवार गेला.

रविवारी सकाळी मी स्मिताला घेऊन हॉल उघडला. यंत्र लावलं आणि खिडकीतून लीना बोलली. लख्ख, तिखट, जशी ती बोलते तशी.

"बरी झाली गं ती," स्मिता म्हणाली. "काय केलंस?"

"काहीच नाही. कालपासून हातसुद्धा लावला नाही."

हे मात्र मला आवडेना. आपण काही न करता बरं झालेलं यंत्र आपण काही न करता बिघडणारही. मी विचार करत बसले आणि फीत चालूच राहिली. लीनाचे प्रश्न संपले, मोकळी फीत गेली आणि एकदम बालवाडीतल्या पोरासारखा चिरका आवाज आला, "मी श्यामराव. आज गुरुवार."

स्मिता स्टेजवरच आडवी झाली. "परत लाव," ती म्हणाली. मी परत लावलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "परत."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा माझं हसू थांबलं.

"स्मिता, हा आवाज गुरुवारी बरोबर होता."

"मग आता काका लहान झाले?"

"नाही, ऐक. काकांचा आवाज संध्याकाळी भरला. संध्याकाळी यंत्र हळू फिरतं. हळू भरलं, हळूच वाजवलं, म्हणून बरोबर वाटलं. आत्ता यंत्र नीट फिरतंय, म्हणून ते चिरकले. लीनाचा आवाज किल्ल्यात भरला, तिथे वीज भरपूर, यंत्र नीट फिरत होतं. तो सकाळी बरोबर आणि संध्याकाळी मामा."

"पण संध्याकाळी यंत्राला होतं काय?"

मी वर बोट केलं. हॉलच्या मधोमध एक बल्ब लोंबतो. तो आत्ता पांढराशुभ्र होता. संध्याकाळी मात्र कारखाने चालू, घराघरात दिवे लागलेले, पंखे फिरतायत. तेव्हा तोच बल्ब पिकल्या आंब्यासारखा दिसतो. इतके दिवस त्याच उजेडात आम्ही डोळे बारीक करून संवाद वाचत होतो. व्होल्टेज पडलं की बल्ब पिवळा पडतो हे कलकत्त्यातलं शेंबडं पोरही सांगेल. टेपरेकॉर्डरची मोटर त्याच विजेवर फिरते, एवढंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आधी माझ्याही नाही.

श्यामकाकांना मी त्यांच्या घरून ओढतच आणलं. त्यांनी स्वतःला ऐकलं, चष्मा काढला, परत ऐकलं.

"हा मी?"

"हे सकाळचे तुम्ही, काका."

"बँकेत कुणाला सांगू नका," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "कारण पटलं. पण शकुनबाई, आपलं नाटक संध्याकाळी आहे. कारण सांगून वीज वाढणार आहे का?"

"वीज नाही वाढणार. पण तुमचा आवाज संध्याकाळी बरोबर वाजला, होय ना? कारण भरलाही संध्याकाळीच होता. लीनाचाही तसाच भरू."

"ती पुण्यात."

"तिचा आवाज तर इथे आहे. फक्त विजेवर न चालणारा दुसरा टेपरेकॉर्डर हवा."

तो कुणाकडे आहे हे मला माहीत होतं. शारदामावशींकडे बॅटरीवर चालणारा चपटा कॅसेट रेकॉर्डर होता, लीनाच्या बाबांनी परदेशातून आणलेला. मी किल्ल्यात गेले. मावशींनी काही न विचारता तो काढून दिला, वर नव्या बॅटऱ्याही. मग चहा गाळता गाळता हळूच म्हणाल्या, "बोलणं नीट येतंय ना गं तिचं? कुणीतरी सांगत होतं, काढून टाकणार म्हणून."

"मावशी, तुम्ही पुढच्या रांगेत बसा. बाकी माझ्यावर सोडा," मी म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

सकाळच्या चांगल्या विजेवर मंडळाच्या यंत्रावर लीनाला वाजवलं आणि समोर कॅसेटचा माइक धरून तिला कॅसेटवर घेतलं. सोमवारी संध्याकाळी बल्ब पिवळा झाल्यावर उलटं केलं. बॅटरीवर लीना नीट बोलत होती, आणि मंडळाचं सुस्तावलेलं यंत्र तिला दुसऱ्या रिळावर भरून घेत होतं. नवी फीत कापून तिलाही पांढरे तुकडे जोडले. मग सगळ्यांसमोर लावलं. खिडकी उघडली, "आत यायचंय? हो की नाही?" मामा गेले, भाची परतली.

"कॅसेटच का नाही लावत थेट?" स्मितानं विचारलं.

"लावून बघ," मी म्हटलं. तिनं लावली. हॉलच्या निम्म्यातसुद्धा ऐकू येईना.

एका रिळावर मी 'सकाळ' लिहिलं, दुसऱ्यावर 'संध्याकाळ'. श्यामकाकांना सकाळचं रीळ आता अडगळ वाटत होतं, पण मी दोन्ही पिशवीत ठेवली.

नाटक बुधवारी होतं. त्याच दिवशी विश्वकर्मा पूजा होती. सबंध आकाश पतंगांनी भरलेलं, रस्त्यात मांजाचे गुंते आणि पतंग कटला की जिकडेतिकडे 'भोकाट्टा'चा ओरडा. संध्याकाळी हॉल गच्च भरला. पडद्यामागे मी 'संध्याकाळ'चं रीळ चढवलं आणि आवाज बारीक करून ऐकून पाहिलं. आतून पोपट बोलला.

स्मिताचा चेहरा पांढरा पडला. "आता काय झालं?"

मी बल्बकडे पाहिलं. तो सकाळसारखा लख्ख होता. विश्वकर्मा पूजेला कलकत्त्यातले कारखाने यंत्रांची पूजा करतात, त्यांना चालवत नाहीत. आज वीज खायला कोणी नव्हतं.

"काही झालं नाही," मी म्हटलं आणि 'सकाळ' चढवलं. श्यामकाका विंगेतून बघत होते. रुमालानं मान पुसत होते.

पडदा वर गेला. खिडकी धाडकन उघडली आणि लीनानं पहिला प्रश्न टाकला. लोक हसले. पांढरी फीत, थांब. स्मिताचं उत्तर, चालू. दुसरा प्रश्न, गाणं, रडणं, सगळं मस्त चाललं होतं. भिंतीवर चढायचा प्रसंग झाला आणि तेवढ्यात शेजारच्या गल्लीत पूजेची रोषणाई लागली असावी, कारण आमचा बल्ब एकदम पिवळा पडला. "नक्की याऽयचंऽऽ..." लीनाचा आवाज घसरत मामांच्या घराकडे निघाला. मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं.

पांढरी फीत आली. मी थांबवलं. अजून शेवटचे तीन प्रश्न बाकी होते, तेच नाटकाचा जीव. रीळ बदलायलाच हवं होतं. मी विंगेतून स्मिताकडे बघून दोन्ही हात गोल गोल फिरवले: बोलत राहा.

तिनं मान हलवली: नाही.

मी हात जोडले.

स्मितानं एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं. मग खिडकीसमोर फतकल मारून बसली. "बरं. तू विचार कर," ती खिडकीला म्हणाली. "मी पण बसतो. घाई कोणाला आहे? मी तर सियालदाहून चालत आलोय, ट्राम बंद, बस भरलेली. हे पाय बघ. किती व्यथा करतायत माझे पाय."

बंगाली 'व्यथा' मराठी पायांना झालेली ऐकून सगळा हॉल हसला, पण आता हसणं तिच्या बाजूचं होतं. तिला जोर चढला. "आत काय शिजतंय? वास तर इलिश माछचा येतोय, मासळीचा. गणपतीत? मी सांगून देईन हं श्यामकाकांना." टाळ्या पडल्या. इकडे मी नवं रीळ बोटानं फिरवत पांढऱ्या फिती मोजत होते. अचूक तुकडा सापडला, बटण दाबलं.

"पुन्हा विचारते," खिडकी म्हणाली, "आत यायचंय? हो की नाही?"

लीना. लख्ख, तिखट, तिच्या वेगात.

मला विंगेतून पुढची रांग दिसत होती. शारदामावशी खिडकीकडे टक लावून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. लीनाचं पाठांतर त्यांनीच घेतलं असणार, एकेक शब्द त्यांना येत होता. "विचार करून सांग. एकदा आत आलास की मीच तुझी खिडकी." लीनाचा आवाज आणि मावशींचे ओठ, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मी बल्बकडे बघायचं सोडून दिलं.